दुसऱ्या रांगेतली शिट्टी

कंडक्टरने दोन्ही हात खाली घेतले आणि स्टेजवरची चाळीस माणसं एकदम थांबली.

शिट्टी मात्र थांबली नाही. बारीक, सलग शिट्टी. जुन्या रेडिओवर स्टेशन शोधताना मध्येच यायची, तशी. भरलेल्या सभागृहात ती तीन-चार सेकंद एकटीच वाजत राहिली.

मी पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. मागे वळून बघायची मला गरज नव्हती. मी सोळा वर्षं ऑडिओलॉजिस्ट आहे. ती शिट्टी कशाची, हे त्या सभागृहात फक्त दोघींना कळलं असेल. एक मी, आणि दुसरी माझी असिस्टंट शबाना. ती मागे दाराशी उभी होती.

"कुणाचा तरी मोबाइल वाजतोय," कंडक्टर म्हणाले. "प्लीज, बंद करा."

मी काहीच बोलले नाही. ते का बोलले नाही, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हिंगोलीत माझं हिअरिंग क्लिनिक आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात, पण मी औषध देत नाही, ऑपरेशन करत नाही. कान किती ऐकतो ते मोजायचं, आणि कमी ऐकत असेल तर मशीन बसवून ते त्या माणसाला जुळेल असं करून द्यायचं, एवढं माझं काम.

पुण्याचा एक सिम्फनी ऑर्केस्ट्रा मराठवाड्यात दौऱ्यावर येणार होता. एक कार्यक्रम हिंगोलीत ठरला. संयोजक स्पॉन्सर शोधत माझ्याकडे आले. कानाचं क्लिनिक आणि संगीत, बॅनरवर छान दिसेल असं मला वाटलं. मी लगेच हो म्हणाले.

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की सिनेमाची गाणी. पुढचे आठ-दहा दिवस मला एकच प्रश्न विचारला जात होता.

"मॅडम, गायक कोण येऊन राहिलाय?"

"गायक नाही. नुसती वाद्यं."

"मंग ऐकायचं काय?"

खरं सांगायचं तर मलाही नीटसं माहीत नव्हतं. सिम्फनी मी मोबाइलवर पाच-सहा मिनिटं ऐकली होती, तीही हो म्हटल्यानंतर. पण "सौजन्य" या शब्दाखाली माझ्या क्लिनिकचं नाव किती मोठं येणार, हे मी दोनदा विचारून घेतलं होतं.

मी ज्या कंपनीची मशीन जास्त बसवते, त्या कंपनीच्या एरिया मॅनेजरला ही बातमी कळली. तो दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये हजर.

"मॅडम, नुसता लोगो लावून काय होणार? पेशंट बसवा पुढे."

"पुढे म्हणजे?"

"दुसरी रांग पूर्ण आपली. वीस पेशंट. सगळ्यांना एका रंगाचे फेटे, ते मी आणतो. इंटरव्हलमध्ये एकाला स्टेजवर घ्यायचं. त्याने माईकवर दोन वाक्यं बोलायची. आधी मला काही ऐकू येत नव्हतं, आज मी सिम्फनी ऐकली. बस. लोक रडतील, मॅडम."

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "कुणाला घ्यायचं ते मी बघते."

आणि मी मारोतरावांना निवडलं.

मारोतराव डोंगरकड्याचे. वय अडुसष्ट. पस्तीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली. गिरणीसारख्या आवाजात इतकी वर्षं काढली की कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात. पाखरांचे, लेकरांचे, बासरीचे. ढोल ऐकू येतो. माणूस बोलतोय हेही ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत. असे पेशंट सगळे एकच वाक्य बोलतात: "ऐकू येतंय मॅडम, पण कळून न्हाई राहिलं."

मारोतराव गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी ते सोडलं. सूर हुकतो म्हणून नव्हे. हुकलेला आपल्याला कळत नाही आणि बाकीचे गप्प बसतात, हे लक्षात आलं म्हणून. त्यानंतर ते माणसांत बसेनासेच झाले. खरं तर त्यांना नांदेड जवळ. पण आम्ही डोंगरकड्याला तपासणी कॅम्प घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी कौसाबाई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या, आणि ते आमचे पेशंट झाले.

"चार माणसांत जाईनाच झालेत," कौसाबाई म्हणाल्या. "घरात बसून भिंतीकडं बघत्यात. काहीतरी करा मॅडम."

म्हणजे स्टेजसाठी माणूस अगदी बरोबर होता. गिरणी, पेटी, बंद पडलेलं भजन, आणि आता चाळीस वाद्यं. मॅनेजरला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच.

अडचण एक होती. मारोतरावांचा कान बराच गेलेला. अशा कानाला मशीनचा आवाज खूप वाढवून द्यावा लागतो. तो आवाज कानातच राहायला हवा. त्यासाठी कानाचं माप घेऊन, कानात घट्ट बसेल असा साचा लॅबमधून करून आणतात. त्याला आम्ही मोल्ड म्हणतो. मोल्ड नसेल तर रबराची तयार टोपी लावता येते, तिला डोम म्हणतात. पण डोम सैल बसतो. वाढवलेला आवाज कडेने बाहेर निसटतो, मशीनच्याच माईकमध्ये परत शिरतो, परत वाढतो, परत निसटतो. मग शिट्टी वाजते. याला फीडबॅक म्हणतात. सभागृहात माईक स्पीकरजवळ गेला की किंचाळतो ना, तोच प्रकार, फक्त कानाएवढा.

मारोतरावांचं माप आम्ही घेतलं होतं. मोल्ड यायला पंधरा दिवस लागणार होते. कार्यक्रम सात दिवसांवर.

"मॅडम, मोल्ड येऊ द्या, मगच मशीन द्या," शबाना म्हणाली. ती माझ्याकडे अकरा वर्षं आहे. डिग्री नाही, पण हात माझ्याइतकाच बसलेला आहे. "त्यांचा हिअरिंग लॉस मोठा आहे. डोमवर टिकणार नाही."

"एका दिवसाचा प्रश्न आहे. नंतर मोल्ड लावूच."

"मग दुसऱ्या कुणाला स्टेजवर घ्या ना."

"दुसऱ्या कुणाकडे पेटी आहे?" मी म्हणाले. शबानाने डोमचा डबा काढला.

मारोतरावांना मी क्लिनिकमध्ये बोलावून आमंत्रण दिलं. डोमवर मशीन लावून बसवलं होतं, त्यामुळे बोलणं होत होतं.

"पेटीवाले बी येनार का त्यात?"

"पेटी नसते. व्हायोलिन असतात. सगळे मिळून चाळीस जण वाजवतात."

"चाळीस? आन सगळे एकदम?"

"एकदम."

ते हसायला लागले. "चाळीस जन एकदम वाजवत्यात आन सुटत न्हाईत? मग बघायलाच पायजे. येतो की. काहून न्हाई येनार?"

स्टेजवर दोन शब्द बोलायचे, हे मी शेवटी घाईघाईत सांगितलं. ते म्हणाले, "तुमी सांगताल ते बोलतो."

कौसाबाईंना मी दुसऱ्या रांगेचा पास दिला नाही. ती रांग फक्त पेशंटची होती, फोटोसाठी. बरोबरच्या माणसांची सोय मागे, वर गॅलरीत केली होती. त्यांनी एकदा विचारलं, "यांच्याजवळ बसले तर जमंल का?" मी म्हणाले, "मागूनही छान ऐकू येतं."

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. सकाळपासून क्लिनिकमध्ये एकेका पेशंटचं मशीन कॉम्प्युटरला जोडून आम्ही म्युझिक प्रोग्रॅम टाकत होतो. हेही सोपं करून सांगते. मशीन मुळात बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं असतं. त्यात शिट्टी दाबणारी एक सोय असते. कुठलाही बारीक, लांबलेला सूर आला की तिला वाटतं ही शिट्टी, आणि ती तो सूर कापते. बोलण्यात असे सूर नसतात, त्यामुळे चालून जातं. पण व्हायोलिन आणि बासरी म्हणजे लांबलेले बारीक सूरच. म्हणून संगीत ऐकायचं असेल तर ती सोय कमी करावी लागते. मी मारोतरावांच्या मशीनमध्ये ती जवळजवळ बंद केली. मोल्ड घट्ट असता तर यात काही चूक नव्हती.

त्यांना समोर बसवून तपासलं. शिट्टी नव्हती. मशीनवरचं बटन दाखवलं.

"वाजवणं बारीक वाटलं तर हे दाबा. आवाज वाढेल."

"हे दाबायचं. बरं."

सभागृहात फेटे बांधणारा माणूस आला होता. केशरी फेटे, वीसच्या वीस. मारोतरावांचं डोकं मोठं, त्याने तो जरा खाली ओढून बांधला. शबाना माझ्याजवळ आली.

"मॅडम, फेटा कानावर येऊन राहिलाय. मशीनवर दाबला जातोय."

मशीनवर कापड आलं की बाहेर निसटणारा आवाज आपटून पुन्हा आत जातो. हे मला ठाऊक होतं.

"फोटो होऊ दे, मग सैल करू," मी म्हणाले.

फोटो झाला. मग प्रमुख पाहुणे आले. शहरातले एक मोठे व्यापारी. त्यांच्यामागे मी गेले, त्यांच्या शेजारी बसले, आणि फेटा डोक्यातून गेला.

पहिला भाग जोरदार होता. तुताऱ्यांसारखी पितळी वाद्यं, मोठे नगारे. मी मान वळवून पाहिलं. मारोतराव पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. बोटं हलत होती. मी पाहतेय हे दिसल्यावर त्यांनी हात वर केला. अगदी मोठा हात. मीही हसले. त्या क्षणी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसरा भाग संथ सुरू झाला. चार-पाच व्हायोलिन, तीही हळू. मारोतरावांना ते लागेना असणार. त्यांनी मी सांगितलं तेच केलं. बटन दाबलं.

ती शिट्टी त्यांची होती.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही. फीडबॅकची शिट्टी उंच, बारीक असते. मारोतरावांच्या कानातून नेमके तेच आवाज गेले होते. म्हणजे सगळं सभागृह ऐकत होतं आणि ज्याच्या कानात ती वाजत होती त्या माणसाला ती ऐकूच येत नव्हती.

कंडक्टरने मोबाइल बंद करायला सांगितलं. लोक खिसे चाचपायला लागले. शेजारच्या पेशंटने खूण केली तेव्हा मारोतरावांनीही खिशातून साधा फोन काढला, बंद आहे की नाही पाहिलं, आणि परत ठेवला. मग इतरांसारखंच तेही इकडेतिकडे बघायला लागले. कोण असेल म्हणून.

संगीत पुन्हा सुरू झालं. शिट्टीही. या वेळी तिसऱ्या रांगेतल्या एकाने मारोतरावांच्या पाठीकडे बोट दाखवलं. कंडक्टर पुन्हा थांबले. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता रांगेत शिरला.

माझ्या शेजारचे प्रमुख पाहुणे वळले. "मॅडम, फेट्यांच्या रांगेतून येतंय. तुमचे पेशंट का ते?"

मला एवढंच करायचं होतं. उठायचं, चार पावलं जायचं, फेटा वर सरकवायचा, मशीनचा आवाज पुन्हा कमी करायचा. दहा सेकंदांचं काम. आणि लोकांना सांगायचं, की ही मशीनची शिट्टी आहे, मशीन मी बसवलंय.

"नाही," मी म्हणाले. "कुणीतरी गावाकडचे पाहुणे दिसतात. मोबाइल असेल."

मागे कार्यकर्ता मारोतरावांना काहीतरी सांगत होता. फेटा कानावर असल्यामुळे त्यांना ते कळत नव्हतं. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. मारोतराव मोठ्याने म्हणाले, "बंद हाय माजा! हे बगा की!" आणि फोन वर धरून दाखवला. सभागृह हसलं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम?" ते म्हणाले.

मी हातातल्या पत्रिकेत डोकं घातलं. त्यात वाजवणाऱ्यांची नावं होती. मी ती एकेक वाचली. व्हायोला वाजवणारे पाच जण होते, त्यातली दोन नावं मला आजही पाठ आहेत. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शिट्टी मधल्या वाटेने लांब लांब गेली आणि दार लागल्यावर बंद झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इंटरव्हलमध्ये मला स्टेजवर बोलावलं. शाल, बुके. मी ऐकण्याच्या हक्काबद्दल दोन मिनिटं बोलले. खाली उतरले तर मॅनेजर घामाघूम. तो इतका वेळ बाहेर बॅनरपाशी होता.

"डोंगरकड्यावाले कुठे गेले? त्यांना स्टेजवर घ्यायचंय!"

"त्यांची तब्येत बरी नव्हती," मी म्हणाले.

मग एका रिटायर्ड मास्तरांना वर घेतलं. ते छान बोलले. दोन-चार बायकांनी डोळेही पुसले.

कार्यक्रम संपल्यावर शबाना दाराशीच भेटली. तिच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. आत दोन्ही मशीन.

"काढून दिली त्यांनी," ती म्हणाली. "म्हणाले, मॅडमला द्या, आमचं काम न्हाई हे. इंटरव्हलला बाई शोधत बाहेर आल्या. दोघं स्टँडकडे चालत गेले."

"तू सांगितलंस ना त्यांना, काय झालं ते?"

"कसं सांगणार? मशीन काढलेली. ओरडून सांगावं लागलं असतं. गेटवर माणसं उभी होती, हसून राहिली होती." तिने पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "आणि मॅडम, ते मी सांगायचं होतं का?"

दुसऱ्या दिवशी फोन करायचा असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पेशंट जास्त होते. तिसऱ्या दिवशी सेनगावला कॅम्प होता. चौथ्या दिवशी मी फोन लावला. कौसाबाईंनी उचलला.

"आता काहून फोन करून राहिल्या?" त्या म्हणाल्या, आणि ठेवून दिला.

मला खरं तर जरा सुटल्यासारखं वाटलं. आपण प्रयत्न केला, असं. पुढचे चार-पाच दिवस मी त्यावर काढले.

मग लॅबचं पार्सल आलं. मारोतरावांचे मोल्ड. शबानाने डबी माझ्या टेबलावर ठेवली.

"मी नेऊन देऊ?"

"नको. मी जाते," मी म्हणाले.

डोंगरकड्याला पोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. गिरणी आता मोठा मुलगा चालवतो. लाइट गेली होती, त्यामुळे गिरणी बंद. दळणाचे डबे घेऊन सात-आठ बाया ओट्यावर लाइटची वाट बघत बसल्या होत्या. शेजारीच घराच्या अंगणात मारोतराव खाटेवर होते.

"या मॅडम," ते म्हणाले. नातीला खुर्ची आणायला सांगितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. पण माझ्याकडे ते सरळ बघत नव्हते, जणू चूक त्यांचीच होती.

मी पिशवीतून मशीन आणि मोल्ड काढले. खुणेने सांगितलं, आधी हे लावू, मग बोलू. त्यांनी हात आडवा केला.

"ते नगं. तसंच बोला."

ओट्यावरच्या बाया आमच्याकडे बघत होत्या. मी कौसाबाईंना हळूच म्हणाले, "आपण आत बसून बोलूया का?"

"आत काहून?" त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या. "तिथं एवढाल्या माणसांत त्यांचा हात धरून बाहेर काढलं. इथं आठ बाया हायत. इथंच बोला."

मी खुर्ची जवळ ओढली. त्यांच्या कानाशी वाकले.

"माझी चूक झाली."

"काय?"

"चूक झाली! माझी!"

"कशाची चूक?"

"ती शिट्टी मशीनची होती!"

"कोन्ती शिट्टी?"

मी थांबले. मग माझ्या लक्षात आलं. मी ऑडिओलॉजिस्ट. ही गोष्ट सर्वांत आधी मला सुचायला हवी होती. त्यांना शिट्टी ऐकूच आली नव्हती. नऊ दिवस या माणसाला आपल्याला कशासाठी बाहेर काढलं हेच माहीत नव्हतं.

"तुमच्या कानातून शिट्टी वाजत होती! मोबाइल नव्हता तो! मशीन!"

त्यांनी कौसाबाईंकडे पाहिलं. "शिट्टी वाजत व्हती का?"

"वाजत व्हती बाई काहीतरी," कौसाबाई मला म्हणाल्या. "मला वाटलं कुनाचा तरी फोनच हाय. यांच्या कानातली हाय म्हणून मला बी कुठं ठाव?" मग त्या नवऱ्याकडे बघून जोरात म्हणाल्या, "व्हय! वाजत व्हती!"

मारोतरावांनी कानाला हात लावून पाहिला.

"फोन तर बंद व्हता. मला वाटलं खुर्ची दुसऱ्या कुनाची व्हती," ते म्हणाले. "मोठ्या मानसाची. आमी चुकून बसलो म्हनून उठवलं."

मी मोल्ड परत डबीत ठेवले. ते पुढे म्हणाले, "तुमी तर म्होरंच व्हत्या."

मी मान हलवली.

"तुमाला कळलं व्हतं, शिट्टी कशाची ते?"

"हो."

"काय?"

"हो! कळलं होतं!"

"मंग?"

याचं उत्तर मी गाडीत तयार केलं होतं. चांगलं होतं ते. त्यात मोल्ड होता, लॅबचा उशीर होता, गडबड होती. पण एवढं लांब काही ओरडून सांगता येत नाही. ओरडायचं म्हटलं की चार शब्द उरतात.

"मला लाज वाटली!"

मी परत त्यांच्या कानाशी वाकले.

"माझ्या शेजारच्यांनी विचारलं, तुमचा पेशंट आहे का! मी नाही म्हणाले!"

ओट्यावर कुणीतरी डब्याचं झाकण लावलं. एक म्हातारी दुसरीला विचारत होती, "काय म्हनली?" आणि दुसरी तिला समजावून सांगत होती.

मारोतरावांनी हातांनी चेहरा पुसला. मग ते म्हणाले, "पहिलं वाजवलं ते झ्याक व्हतं. नगाऱ्याचं. दुसरं कसं व्हतं?"

"मला नाही सांगता येणार!" मी ओरडले. "मी ऐकलंच नाही!"

त्यांनी मान हलवली. म्हणजे काय ते मला कळलं नाही.

कौसाबाईंनी चहा आणला. माझ्या हातात कप दिला आणि परत उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी मोल्ड बाहेर काढून दाखवले, घट्ट बसतात, आता वाजणार नाही, असं सांगितलं. दोन बैठकांत सगळं जुळवून देते, लागलं तर मीच डोंगरकड्याला येते, असंही. मारोतरावांनी मोल्ड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. आपल्याच कानाचा आकार बघायला माणसाला गंमत वाटते. त्यांनाही वाटली असावी.

"मशीन ठिवा," ते म्हणाले. "हे बी ठिवा. बसवायला मी नांदेडला जातो. आमाला जवळ पडतं."

"मीच..." मी म्हणायला लागले.

"जवळ पडतं मॅडम," ते पुन्हा म्हणाले. आवाज मऊ होता. मी मशीन आणि मोल्ड खाटेवर ठेवले.

मी संध्याकाळी त्यांची पूर्ण फाइल नांदेडच्या एका सहकाऱ्याला पाठवली. तपासणीचे आलेख, मशीनमध्ये काय काय टाकलं होतं ते, सगळं. शेवटी चार ओळी लिहिल्या: डोमवर फिटिंग करायला नको होतं, मी केलं, कार्यक्रमात फीडबॅक आला, पेशंट दुखावले आहेत, सांभाळून घ्या. त्या चार ओळी लिहायला मला पूर्ण रिपोर्टपेक्षा जास्त वेळ लागला.

महिन्याभराने त्या सहकाऱ्याचा फोन आला. मोल्ड छान बसलेत, शिट्टी नाही, मारोतराव रोज पाच-सहा तास मशीन लावतात. भजनात बसायला लागलेत, पण पेटीवर नाही. टाळ घेऊन मागे बसतात. पेटीचं विचारलं तर म्हणतात, बघू.

मॅनेजरने कार्यक्रमाचा अल्बम करून पाठवला. पहिलाच फोटो दुसऱ्या रांगेचा. मारोतराव मधोमध, फेटा कानावर, हसत असलेले. मी त्याला फोन करून सांगितलं, हा कुठेही टाकू नका.

"काय मॅडम, बेस्ट फोटो आहे!"

"त्यांना विचारलं नव्हतं."

"आले होते ना स्वतःहून? फेटा बांधून घेतला ना?"

मी त्याला पूर्ण हकिकत सांगितली. तो म्हणाला, "पण मॅडम, कुणाला कळलं नाही ना?" मी फोन ठेवला. त्याच्यावर चिडायचा मला तसा अधिकार नव्हता. त्या दिवशी सोफ्यावर बसून मीही हाच हिशेब केला होता.

आता मोठा लॉस असेल तर मोल्ड आल्याशिवाय मी मशीन देत नाही, कुणाला कितीही घाई असो. टोपी, रुमाल, पदर, स्कार्फ, जे माणसाच्या डोक्यावर रोज असतं ते घालायला लावूनच तपासते. कार्यक्रमाला पेशंट बोलावणं बंद केलं. शबाना एखाद्या गोष्टीला नको म्हणाली तर मी आधी का ते विचारते.

यातलं शिट्टीबद्दलचं सगळं आमच्या पुस्तकात पहिल्याच वर्षी असतं. फीडबॅक पेशंटला स्वतःला बहुधा ऐकू येत नाही, म्हणून मशीन बसवणाऱ्याने तो स्वतःच्या कानाने ऐकावा आणि ताबडतोब उठून दुरुस्त करावा. परीक्षेत मला हा प्रश्न आला होता. पूर्ण मार्क मिळाले होते.